पेटीतले डोंगर

आमच्या घरमालकांना साताऱ्याचे डोंगर आवडत नसत. साताऱ्यात जन्मून, साताऱ्यातच राहून हे उघड बोलायला छाती लागते. सगळा गाव अजिंक्यताऱ्याकडे मान उंच करून बघणारा, आणि हे अंगणात उभे राहून, उन्हासाठी कपाळावर आडवा हात धरून, शेजारपाजार ऐकेल अशा आवाजात म्हणायचे, "ह्यो काय डोंगर हाय? भाकरीची चवड हाय नुसती. एकीवर एक रचली आन् वाढायची इसरली."

त्यांचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर त्या गल्लीतले चौघेजण अजून पत्रं लिहून माझ्या चुका काढतील. आम्ही त्यांना आबा म्हणत असू, तेवढं पुरे.

आबांची उभी हयात सरकारच्या मोजणी खात्यात गेली. साखळी ओढणारा खलाशी म्हणून लागले आणि सर्वेअर होऊन परत आले. त्यातली बरीच वर्षं हिमालयाच्या पायथ्याशी काढलेली. तिथं त्यांनी खडकांना पडलेल्या घड्या बघितल्या आणि सपाट गोष्टींवरून त्यांचं मन जे उडालं ते उडालंच. "खडक, पोरी, खडक," ते मला सांगत, "वाकळंवानी दुमडलेला. कोन दुमडतंय त्यो? कुनी बगितलंय दुमडताना?" मी नुकतीच लग्न होऊन आलेली, कुपवाडची, सांगलीजवळच्या जैन शेतकऱ्याची मुलगी. आमच्याकडे डोंगर म्हणजे दुसऱ्यांच्या गावाला असतो ती वस्तू.

लढाईचे दिवस होते. आमचे हे रेशनिंगच्या कचेरीत कारकून लागून साताऱ्याला बदलून आले होते आणि गावात खोली मिळत नव्हती. एका घरी आमची जात विचारली, एका घरी पाहुणे किती येतात ते विचारलं. आबांनी आम्हाला ओसरीवर उभं करून एकच प्रश्न विचारला. तोही मला.

"चपाती घडीची करता का बिनघडीची?"

मी म्हणाले, "घडीची."

"किती पदर सुटत्यात?"

"चार. तेल बरं असलं तर कधी पाच."

"खोली तुमची," आबा म्हणाले. आमच्या ह्यांनी आयुष्यात इतक्या परीक्षा दिल्या, पण साताऱ्याची खोली माझ्या चपातीने मिळवली हे त्यांनी कधी मनापासून मान्य केलं नाही. मी पहिली चपाती आबांना दिली तेव्हा त्यांनी ती उजेडाकडे धरली, एकेक पदर हलकेच सोडवून मोजला आणि मग खाल्ली. डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं तिखट लागलं असावं, पण चपातीला तिखट कुठलं.

ओसरीवर, आमच्या दारापासून चार हातांवर, ती पेटी होती. दोन हात लांब, वीतभर रुंद, लांबीच्या दोन्ही बाजूंना काचा. आबा माहुलीहून कृष्णेची वाळू आणत, वाळवून मैद्याच्या चाळणीने चाळत आणि पेटीत तिचे थर देत. एक काळा, एक गेरू लावून लाल केलेला, परत काळा, परत लाल, आणि सगळ्यांत वर बाजारातल्या रांगोळीचा पांढरा. पेटीच्या एका टोकाला सरकती फळी होती आणि तिच्यामागे बुकबाइंडरच्या दाबयंत्राचा जुना स्क्रू. स्क्रू पिळला की फळी वाळूला रेटायची. वाळू आधी नुसती फुगायची, मग तिच्या थरांत तिरकी भेग पडायची आणि त्या भेगेवरून मागची वाळू पुढच्या वाळूच्या डोक्यावर चढायची. काचेतून बघावं तर लाल-काळे थर वाकलेले, मोडलेले, एकमेकांवर बसलेले. आबांच्या ओसरीवर हिमालय तयार व्हायचा.

पेटीवर झाकण नव्हतं. मी एकदा विचारलं, धूळ बसेल, फडकं टाकू का? आबा म्हणाले, "डोंगराला झाकान असतंय व्हय?"

स्क्रू पिळायचं काम पलीकडच्या घरातल्या हवालदारांचं. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला माणूस, एक म्हैस आणि भरपूर वेळ. आबांचा हिशेब असा की स्क्रूचा एक फेरा म्हणजे एक लाख वर्षं. रोज सकाळी दोनच फेरे, कारण डोंगर घाईने होत नाही. हवालदार पेटीपाशी सावधान उभे राहत.

"एक लाख," आबा हुकूम सोडत.

हवालदार एक फेरा पिळून म्हणत, "झालं आबा, लाख."

"आनी एक लाख. दमानं. आता च्या घ्या."

वीस फेऱ्यांची एक पेटी, म्हणजे दहा दिवस. गल्लीत कुणी विचारलं की आबा घरी आहेत का, तर हवालदार गंभीरपणे सांगत, "हायती. आज अजून दोन लाख वर्सं ऱ्हायल्यात."

आबांना दुसऱ्याला पटवून द्यायची भारी हौस. एका लग्नात नवरीच्या मामांना घडी कशी पडते ते सांगताना त्यांनी जाजमाच्या कडेला पाय लावला आणि रेटला. जाजमाला घडी पडली, ती सरकत सरकत थेट विहीणबाईंच्या खाली गेली आणि विहीणबाई हातातल्या पानसुपारीच्या तबकासकट एका अंगावर कलंडल्या. आबा शांतपणे म्हणाले, "बगा. मी ह्येच सांगत हुतो." त्यानंतर गल्लीतल्या लग्नांत आबांना खुर्ची मिळू लागली.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे तिचंच काम आहे. आबा लिहिलेलं कधी खोडून घालवत नसत. मोजणी खात्याची शिस्त. आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. ही शिस्त त्यांनी घरभर चालवली. दारावरच्या पाटीत पेंटरने घराचा नंबर चुकवला तर आबांनी त्याला तो खरवडू दिला नाही. तांबडी रेघ मारायला लावली, खाली बरोबर नंबर आणि पुढे आबांची सही. पोस्टमन नवा असला की दोन्ही नंबर वाचून गोंधळायचा. "चुकलो ही बी म्हाइतीच हाय," आबा म्हणायचे. "ती फुसून टाकली तर आपुन चुकलो हुतो ह्ये कुनाला कळंल?"

तर, आम्ही राहायला येण्याआधी आबांनी पुष्कळ पेट्या केल्या होत्या आणि प्रत्येक पेटीत वीस फेऱ्यांना पाच भेगा पडल्या होत्या. एकीपुढे एक, ठरल्या अंतराने, पाच. आबांनी त्यावरून नियम बसवला आणि पुण्याच्या एका कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या प्रोफेसरांना पत्र लिहिलं. प्रोफेसरांचं उत्तर आलं, सुट्टीत साताऱ्याला येतो, स्वतः बघतो, नियम खरा ठरला तर कॉलेजच्या नियतकालिकात छापू. ते पत्र आबा कोटाच्या आतल्या खिशात ठेवत आणि कोट धुवायला देत नसत. तीस वर्षं साहेबलोकांच्या नकाशांवर दुसऱ्यांची नावं छापलेली बघितलेला माणूस. ह्या एका गोष्टीची त्यांना किती आस होती ते ओसरीवर राहणाऱ्या आम्हाला कळल्याशिवाय राहत नव्हतं.

आणि आम्ही राहायला आलो त्या महिन्यापासून पेटीत दोनच भेगा पडू लागल्या.

पहिल्या पेटीला आबांनी हवालदारांच्या हाताला दोष दिला. हवालदारांनी दुखावून सांगितलं, "आवं आबा, ह्या हातानं मशिनगन चालवलीया." दुसऱ्या पेटीला काचेला ओल आली असेल असं ठरलं. तिसऱ्या पेटीला माझं उखळ सापडलं. कुटण्याने ओसरी हादरते, म्हणून भेगा बिघडतात. त्या दिवसापासून मी चटणी हवालदारांच्या घरी नेऊन कुटू लागले आणि आमचे हे घरात चवड्यांवर चालू लागले. कचेरीतसुद्धा त्यांना तीच सवय लागली आणि साहेब दचकू लागला. चौथ्या पेटीला भेगा दोन.

तेवढ्यात धाकट्या बहिणीच्या लग्नाला आम्ही दोघं कुपवाडला गेलो. पंधरा दिवसांनी परत आलो तर ओसरीवर पेढे. आम्ही नसताना केलेल्या पेटीत पाच भेगा पडल्या होत्या.

"बगा," हवालदार पेढा तोंडात ठेवून म्हणाले, "बिऱ्हाड गेलं आन् पाच. मी म्हनलं न्हवतं आबा? पायगुन हाय."

आबा खाली बघत होते. मग त्यांनी वही माझ्यापुढे धरली. चार पेट्यांसमोर 'कारण' ह्या रकान्यात तीन गोष्टी रेघ मारून रद्द केलेल्या होत्या, हवालदाराचा हात, ओल, उखळ, प्रत्येकीला सही. त्यांच्याखाली लिहिलं होतं, 'नव्या बिऱ्हाडाचा पायगुण.'

"मी असलं मानत न्हाई, पोरी," आबा म्हणाले. "पर दुसरं कायबी सापडंना. प्रोफेसर धा-बारा दिसांत येनार. तवर तुमी खोली बगा दुसरी. लय वंगाळ वाटतंय मला सांगायला."

वाईट त्यांना वाटत होतंच, पण मला जे वाटलं ते विचारू नका. नव्या सुनेला पायगुणाचं नाव म्हणजे कपाळावर डाग. सासरी कळलं असतं तर जन्मभर पुरलं असतं. आणि गावात खोली तर मिळतच नव्हती. हे रोज कचेरीतून येताना दोन गल्ल्या पालथ्या घालून यायचे आणि मान हलवायचे.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सकाळी मी दारापुढे रांगोळी काढली. आबा ह्या वेळी यवतेश्वरच्या घाटात फिरायला, म्हणजे डोंगरांना नावं ठेवायला गेलेले असत आणि हवालदार म्हशीखाली बसलेले असत. रांगोळी झाली, करवंटीत मूठभर उरली. आमच्या आईची शिस्त अशी की एकदा डब्यातून काढलेली रांगोळी परत डब्यात जायची नाही, भुईची धूळ मिसळते, आणि पायदळी तर टाकायचीच नाही. कुपवाडला ती उंबऱ्याच्या कोपऱ्यात जाई. इथं मी ती रोज पेटीत टाकत असे. पेटीत फुगलेल्या वाळूच्या पुढं खळगा पडलेला असायचा, तो डोळ्याला खटकायचा. वरचा थर पांढराच, रांगोळीही पांढरीच. बोट न लावता नुसती भुरभुरायची, म्हणजे खळगा गुळगुळीत भरायचा. छान दिसायचं. आपल्या हातून कुणाचं काही नीट झालं असं वाटायचं.

त्या सकाळी नवी पेटी नुकती सुरू झाली होती. मी करवंटी पेटीवर कलती केली आणि माझा हात तिथंच थांबला. मला भेगा कळत नव्हत्या की डोंगर कळत नव्हते. पण ह्या घरात रोज होणारी आणि मी कुपवाडला असताना न झालेली एकच गोष्ट माझ्या हातात होती.

मी करवंटी तशीच आत नेली. कुणाला बोलले नाही, ह्यांनासुद्धा नाही. आता खरं सांगते, मी फार शहाणपणाचा विचार केला. रांगोळी टाकायची नाही, पाच भेगा पडतील, प्रोफेसर खूश, आबा खूश, आमची खोली राहील. सांगायचं कशाला?

तसंच झालं. सहाव्या दिवशी तिसरी भेग पडली. आबा काचेला नाक लावून बसले होते ते उठले आणि ह्यांना म्हणाले, "आता मोकळ्या पायानं चाला." खोली बघायचं रद्द झालं. हवालदारांनी पायगुणाचा निकाल फिरवला. "पायगुन बी मुरावा लागतोय, आबा. लोनच्यावानी." सगळे हसले. मी हसले नाही. मला रोज सकाळी तो खळगा दिसायचा आणि मी दुसरीकडे बघायची.

प्रोफेसर आले ते ह्या पेटीच्या शेवटच्या दिवशी. कोटातले, चष्म्यातले, आबांच्या निम्म्या वयाचे. त्यांच्यासमोर हवालदारांनी शेवटचे दोन लाख पिळले आणि पाचवी भेग स्वच्छ उमटली. प्रोफेसरांनी भिंग लावून बघितलं, वही चाळली आणि म्हणाले, "सुरेख. छापू आपण. फक्त ह्या मधल्या चार पेट्या वगळा."

"वगळायच्या कशा?" आबा म्हणाले. "झाल्यात त्या."

"अहो, पण त्यांचं कारण तुम्हाला सांगता येत नाही. 'पायगुण' हे मी छापू?"

"कारन म्हाईत न्हाई असं छापा."

"आबासाहेब, कारण नसलेले चार अपवाद घेऊन नियम उभा राहत नाही. एक तर चार पेट्या जातील, नाहीतर नियम जाईल. तुम्हीच सांगा."

ते पत्र ज्या खिशात होतं त्यावर आबांचा हात गेला. मी दाराआड पोह्यांची ताटली घेऊन उभी.

"नियम जाऊ द्या," आबा म्हणाले. "घडलेलं फुसायचं न्हाई."

मला रडू आलं. एवढ्या वर्षांची आस ह्या माणसाने चार आकड्यांसाठी सोडली आणि मी एका खोलीसाठी गप्प बसले होते. मी ताटली खाली ठेवली आणि ओसरीवर गेले. आमच्या सांगलीकडच्या बायका स्वतःला पुरुषासारखं बोलतात, त्यावर सातारकर मला हसत असत. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

"आबा, त्यो पायगुन न्हाई," मी म्हणाले. "त्या चार पेट्यांत मी रांगोळी टाकत हुतो. रोज सकाळी. खळग्यात. ह्या पेटीत टाकली न्हाई, कारन मला कळलं हुतं. आन् मी सांगितलं न्हाई."

मला वाटलं आता आबा ओरडतील. आबांनी पेन्सिल घेतली.

"किती टाकायचीस?"

"करवंटीत उरंल ती. मूठभर."

"फेरे व्हायच्या आदी का मागनं?"

"आदी."

"नुसत्या खळग्यात? उंचवट्यावर न्हाई?"

"उंचवट्यावर कशाला टाकंन? तितं भरायचं काय हाय?"

आबांनी पेन्सिल ठेवली आणि ते हसायला लागले. आधी हळू, मग इतके की हवालदारांनी त्यांना धरून पायरीवर बसवलं. "मी डोंगर केलं," आबा डोळे पुसत म्हणाले, "आन् नदी इसरलो. कृष्णेच्या काठाला जल्मलो, वाळू कृष्णेची आनली, आन् नदी इसरलो! डोंगर उठतुया तवा नदी काय झोपून ऱ्हाती व्हय? ती गाळ आनून खळगं भरतीच की. ही पोरगी रोज सकाळी नदी हुन येत हुती."

प्रोफेसरांनी चष्मा काढला होता. "म्हणजे पुढे वजन बसलं," ते स्वतःशीच बोलावं तसं बोलू लागले, "वजन बसलं की पुढे नवी भेग फुटणं अवघड. मग सगळा रेटा जुन्याच भेगेवर. तीच सरकत राहते आणि डोंगर तिथंच उंच होतो." मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, पुन्हा घालाल का रांगोळी?"

त्यांनी मुक्काम वाढवला. घाईने डोंगर होत नाही हा नियम आबांनी एकदाच मोडला आणि दोन दिवसांत वीस फेरे करायचे ठरवले. दिवसाला दहा लाख वर्षं. हवालदारांचा खांदा भरून आला. दर दोन फेऱ्यांना मी करवंटी घेऊन यायची आणि खळगा भरायची. आबांनी सोनाराचा तराजू आणून माझी मूठ तोलली. दहा वेळा तोलली, फरक गुंजेपुरता. प्रोफेसरांनी विचारलं, एवढं समान कसं टाकता? मी म्हणाले, डोळ्याला बरं दिसेल इतकी टाकते. हे त्यांनी लिहून घेतलं.

पहिली भेग आली. दुसरी आली. बाराव्या फेऱ्याला, तिसरी यायची ती वेळ, तेव्हा सगळे काचेपाशी एवढे वाकले की ह्यांचं आणि हवालदारांचं डोकं आपटलं. भेग आली नाही. दुसरीच भेग सरकत राहिली आणि तिच्यावरचा डोंगर बोटबोट वर चढला. विसावा फेरा झाला तेव्हा भेगा दोन आणि डोंगर आधीच्या कुठल्याही पेटीपेक्षा उंच.

आबांनी वही उघडली. 'नव्या बिऱ्हाडाचा पायगुण' ह्यावर एक रेघ मारली, सही केली आणि खाली लिहिलं, 'नदी.'

लेख छापून आला. आबांचं नाव प्रोफेसरांच्या वर होतं. मी परत ओसरीवर चटणी कुटू लागले आणि रोज सकाळी आबांच्या हुकमाप्रमाणे कधी मूठ, कधी अर्धी मूठ, कधी काहीच नाही अशी नदी होत राहिले. दोन वर्षांनी ह्यांची बदली सांगलीला झाली. निघताना आबांनी ह्यांना निरोप दिला आणि मला विचारलं, "आता नदी कुटनं आनू?" मी हवालदारांच्या सुनेला शिकवून ठेवलं होतं. तिची मूठ जरा मोठी होती, पण आबा म्हणाले, चालेल, महापूर समजू.

पुढे काही वर्षांनी मेणकापडात बांधलेलं एक पार्सल सांगलीला आलं. आत ती वही. सोबत आबांच्या चार ओळी होत्या, की आता काचेतलं दिसत नाही, पेटी शाळेला दिली, वही तू ठेव. मी ते पान काढलं. तीन कारणं, तीन रेघा, तीन सह्या. मग पायगुण, त्याची रेघ, त्याची सही, आणि नदी. त्याच्याही खाली, ताज्या शाईत आणखी एक ओळ होती आणि पुढे रीतसर सही.

'पायगुणावरची रेघ चुकीने मारली. मूळ नोंद बरोबर होती.'